आईला वॉकरने चालवताना हात कुठे ठेवायचा आणि लक्ष कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले, आता ती घरात वॉकरने चालते. तुम्ही शेजारून तिचा दंड धरून चालता. तरीही दोनदा तिचा तोल गेला, आणि दोन्ही वेळा खुर्चीपाशी पोचल्यावर. धरायचं कसं, वॉकरची उंची बरोबर आहे का, जिना चढवायचा कसा, आणि वॉकर सोडून काठी कधी व कोणत्या हातात द्यायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी २२ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि रुग्णांना उभं करणं, चालवणं यातच माझा बहुतेक दिवस जातो. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द 'खुर्चीपाशी' हा आहे. घरचे लोक सहसा रुग्णाच्या पावलांकडे बघत चालतात. पाऊल नीट पडलं, ठेच लागली नाही, म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. पण माणूस पडतो तो बहुतेकदा शरीराचं वजन चुकीच्या वेळी, चुकीच्या दिशेला गेल्यामुळे. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या दोन वृद्धसेवा केंद्रांचा अभ्यास आला होता. तिथे कॅमेऱ्यात टिपल्या गेलेल्या पडण्याच्या २२७ घटना संशोधकांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या. ठेच लागून किंवा अडखळून पडल्याच्या घटना २१ टक्के निघाल्या, आणि वजन चुकीचं सरकल्यामुळे पडल्याच्या ४१ टक्के. उठताना, वळताना, बसताना, काही घ्यायला हात लांब करताना वजन सर्वात जास्त सरकतं. म्हणून खाली मी जे सांगते आहे त्यात पावलांपेक्षा वजनाबद्दल जास्त बोलेन. आईच्या शेजारी चालताना मनात एकच प्रश्न ठेवा: आत्ता तिचं वजन कुठे आहे आणि पुढच्या क्षणी ते कुठे जाणार आहे?

आधी दंडाबद्दल. दंड धरणं ही अगदी स्वाभाविक, मायेची गोष्ट आहे, पण त्याने संरक्षण होत नाही. तुम्ही दंड वर उचलून धरता तेव्हा तिचा खांदा वर जातो आणि त्या हाताचा वॉकरवरचा दाब कमी होतो. म्हणजे ज्या आधारासाठी वॉकर दिला तोच तुम्ही नकळत काढून घेता. तोल गेलाच तर तुमच्या हातात फक्त हात राहतो, बाकीचं शरीर त्या हाताभोवती गरकन फिरतं आणि खांदा दुखावतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात असा ओढला तर खांद्याचा सांधा निसटायला वेळ लागत नाही. काखेत हात घालून उचलण्याचंही तेच.

उभं राहायचं ते शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या बाजूला, आईच्या अर्धं पाऊल मागे. एक हात तिच्या कमरेला मागच्या बाजूने, दुसरा हात तिच्या खांद्यासमोर, न टेकवता पण तयार. वजनाचा मध्य कमरेच्या आसपास असतो, म्हणून हात तिथे हवा. नुसत्या कपड्याला धरू नका, कापड ताणतं किंवा सुटतं. रुग्णाला चालवण्यासाठी रुंद, मजबूत पट्टा मिळतो, तो कपड्यांवरून कमरेला बांधा. पट्टा आणि शरीर यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतका घट्ट हवा. पट्टा पकडताना तळवा वरच्या दिशेला ठेवून खालून धरा. वरून धरलेली पकड धक्का बसला की सुटते, खालून धरलेली टिकते. पोटाची किंवा पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, पोटात नळी असेल, तर पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि तुमचे स्वतःचे पाय जोडून ठेवू नका. एक पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल. तुमचाच तोल पक्का नसेल तर तुम्ही दोघंही पडाल.

पट्टा धरलाय म्हणून तो सतत ओढून ठेवायचा नाही. तुमचा हात तिथे फक्त हजर असावा. तिला जाणवेल इतका, पण तिचं काम करणार नाही इतका. सतत उचलून धरलेला रुग्ण तुमच्यावर रेलायला शिकतो आणि ज्या दिवशी तुम्ही नसाल त्या दिवशी पडतो. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि ते नेहमी सर्वात जास्त काळजी घेणाऱ्या घरांत घडतं.

आता उठणं. आई अंथरुणावरून थेट उभी राहत असेल तर ते आजपासून बंद करा. काठावर बसवा, पाय खाली सोडा, घोटे वर-खाली हलवायला सांगा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. बराच वेळ झोपून राहिलेल्या माणसाचं रक्त उभं राहिल्यावर पायांत उतरतं आणि रक्तदाब खाली येतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर त्याला आम्ही गंभीरपणे घेतो. घरी यंत्र असेल तर एकदा झोपलेलं असताना आणि एकदा उभं राहिल्यावर मोजून बघा. रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम दिसला, बोलताना उत्तर उशिरा आलं, तर चालवायचंच नाही. परत बसवा.

उभं राहताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर किंवा गादीच्या काठावर. वॉकरला धरून स्वतःला वर ओढायचं नाही. वॉकर हलका असतो, मागे ओढला की उलटून तिच्याच अंगावर येतो. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं, चांगला पाय मागे घ्यायचा, शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे, मग छाती पुढे झुकवून हातांनी खाली दाबत उठायचं. मी रुग्णांना सांगते, नाक पायाच्या बोटांवर आणा. नाक मागे राहिलं की वजन खुर्चीतच राहतं, आणि मग माणूस कितीही जोर लावला तरी उठून पुन्हा धपकन बसतो. घरच्यांना वाटतं पायात ताकद नाही. ताकद असते, वजनच पुढे आलेलं नसतं.

इथे एक गोष्ट डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. खुब्याचं हाड मोडल्यावर कधी ते सळई आणि स्क्रूने जोडतात, तर कधी सांध्याचा गोळाच बदलतात. गोळा बदलला असेल तर काही शल्यचिकित्सक सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू देत नाहीत, कारण सांधा निसटण्याची भीती असते. तसं सांगितलं असेल तर फार पुढे झुकणं बरोबर नाही. उंच, घट्ट बैठकीची खुर्ची वापरा, म्हणजे झुकावंच लागणार नाही. दुसरा प्रश्न विचारा तो भाराचा. त्या पायावर पूर्ण वजन टाकायचं, सोसेल तितकं, थोडंसं, की पाय फक्त टेकवायचा? 'हळूहळू चालवा' हे उत्तर अपुरं आहे. 'थोडंसं' असं उत्तर आलं तर किती किलो ते विचारा. मग घरातल्या वजनकाट्यावर तो पाय ठेवून, दुसरा पाय त्याच उंचीच्या पाटावर ठेवून आणि वॉकर धरून, आईला तितकंच दाबायला शिकवा. काटा बघत चार-पाच वेळा केलं की पायाला तो दाब लक्षात राहतो. नुसतं तोंडी सांगून ते कोणालाच कळत नाही.

वॉकरची उंची तपासायला दोन मिनिटं लागतात. रोजच्या चपला-बूट घालून आईला ताठ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या रेषेत यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंशांत वाकतं. उंची जास्त असेल तर खांदे कानांकडे चढतात आणि हातांना खाली दाबता येत नाही. कमी असेल तर ती कमरेत वाकून चालते, वजन पुढे जातं, आणि नजर जमिनीवर खिळते. उंची बदलल्यावर चारही पायांची बटणं 'टक्' आवाज करून भोकांत बसली आहेत ना, हे हाताने दाबून बघा. एक पाय एका भोकाने कमी राहिला तर वॉकर डगडगतो आणि दोष आईच्या चालण्याला दिला जातो.

चालण्याचा क्रम तुम्हाला माहीत असेल: वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. पण क्रम बरोबर असूनही लोक चुकतात, कारण वॉकर फार पुढे टाकतात. मग त्याला गाठायला शरीर पुढे झुकतं. वॉकर एक लहान पाऊल पुढे, एवढंच. दुखरा पाय वॉकरच्या साधारण मध्यापर्यंत येतो, मग हातांनी मुठी खाली दाबायच्या आणि त्या दाबावर चांगला पाय आणायचा. पुढच्या आडव्या दांड्याला पोट टेकेपर्यंत आत जायचं नाही, नाहीतर वजन मागे ढकललं जातं. मी पाठमोरी उभी असले तरी बिनचाकी वॉकर नीट टाकला जातोय की नाही हे मला ऐकू येतं. चारही पाय एकदम टेकले तर एकच भरीव 'ठक्' होतो. मागचे पाय आधी आणि पुढचे नंतर पडले तर 'ट-टक्' असा दुहेरी आवाज येतो. दुहेरी आवाज म्हणजे वॉकर तिरका टेकला, आणि त्याच क्षणी तिने वजन टाकलं तर तो सरकणार. आईलाही हा आवाज ऐकायला शिकवा. नजर खाली ठेवण्याची गरज त्याने कमी होते.

आता खुर्ची. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडे घडलं ते अगदी तेच आहे. सत्तरीचे एक गृहस्थ होते, खुब्याचीच शस्त्रक्रिया. वीस-बावीस पावलं छान चालले. मी त्यांचा हात धरून शेजारी होते आणि मनातून खूश होते. खुर्ची दोन हातांवर आली तशी त्यांनी वॉकर बाजूला सारला, खुर्चीचा हात पकडायला वाकले आणि वळता वळता खाली गेले. माझ्या हातात त्यांचं मनगट होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. हाड पुन्हा मोडलं नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस ते उभे राहायला तयार नव्हते. खुर्ची दिसली की रुग्णाला चालणं संपलं असं वाटतं, आणि मलाही तसंच वाटलं होतं. खरं तर त्या वेळी त्यांचं वजन एका पायावर होतं, कंबर फिरत होती, हात लांब केलेला होता आणि आधार सुटलेला होता. चार धोके एकाच क्षणी.

म्हणून खुर्चीपाशी आल्यावर तुम्ही स्वतः आवाज बदला. मी 'थांबा' म्हणते आणि रुग्ण दोन्ही पायांवर उभा राहीपर्यंत पुढची सूचना देत नाही. मग वळायचं, तेही वॉकर न सोडता. लहान लहान पावलं, वॉकर थोडा फिरवायचा, पाय थोडे फिरवायचे, पुन्हा वॉकर. शस्त्रक्रियेच्या पायावर शरीर गरकन फिरवायचं नाही. जमत असेल तर चांगल्या पायाच्या बाजूला वळवा, जागा थोडी जास्त लागली तरी चालेल. पाठ खुर्चीकडे झाल्यावर मागे मागे यायचं, खुर्चीची कड पायांना मागून लागेपर्यंत. 'लागली का?' असं विचारा आणि तिच्या तोंडून 'हो, लागली' ऐका. मग एक हात मागे खुर्चीच्या हातावर, दुसरा हात अजून वॉकरवर. पहिला हात पक्का झाल्यावर दुसरा. शस्त्रक्रियेचा पाय पुढे सरकवायचा, आणि हातांवर भार घेत हळू खाली. शेवटची वीतभर उंची धपकन पडल्यासारखी बसली तर खुर्ची फार खाली आहे. खुर्चीला चाकं नकोत, ती भिंतीला टेकलेली हवी. तुमच्या आईचा दोनदा तोल गेला तो इथेच कुठेतरी, हे मी न पाहताही जवळजवळ खात्रीने सांगू शकते. आठवडाभर लांब चालवण्याऐवजी हा उठ-वळ-बस एवढाच सराव दिवसातून चार-पाच वेळा करून घ्या.

या वेळात बोलायचं नाही. सूचना सोडून दुसरं काही नाही. गप्पा मारत चालवलं की मन रमतं, म्हणून घरचे बोलत राहतात, पण तोल सांभाळायला डोक्याचं लक्षही खर्च होतं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली होती. वृद्धाश्रमातल्या ५८ जणांशी चालता चालता बोलायला सुरुवात केली. त्यांतले १२ जण बोलण्यासाठी चालायचे थांबले, आणि त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. आई बोलायला थांबते का ते तुम्हीही बघा. थांबत असेल तर वळताना आणि बसताना घरातल्या सगळ्यांनाच शांत राहायला सांगा. मागून हाक मारणं तर अजिबात नको. हाक आली की मान वळते, आणि मानेबरोबर वजन.

वॉकरच्या प्रकारांबद्दल थोडं. बिनचाकी वॉकर सर्वात स्थिर, पण प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. हातांत ताकद कमी असेल किंवा लवकर दम लागत असेल तर पुढे दोन चाकं असलेला बरा, तो ढकलता येतो आणि वजन टाकलं की मागचे रबरी पाय अडतात. चार चाकांचा, ब्रेक आणि बैठक असलेला दिसायला छान असतो, म्हणून मुलं हौसेने आणतात. तो चालताना दमणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याला हातांवर भार टाकायचा आहे त्याच्या हातातून तो पुढे निसटतो. तुमच्या आईला तो आत्ता नको.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. त्यांची पावलं दारात किंवा वळताना जमिनीला चिकटल्यासारखी अडकतात. उचल-टाक करायचा वॉकर त्यांची लय मोडतो आणि अडकणं वाढवू शकतो. अडकल्यावर पुढे ओढायचं नाही, कारण शरीर पुढे येतं आणि पाय मागेच राहतात. थांबा, टाचा टेकवा, वजन एकदा डावीकडे एकदा उजवीकडे न्या, मग 'एक, दोन' म्हणत मोठं पाऊल. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर त्यांवरून पाऊल टाकणं अनेकांना सोपं जातं.

पक्षाघात झालेल्यांना दोन हातांचा वॉकर बहुधा धरता येत नाही. त्यांना चार पायांची काठी चांगल्या हातात द्या आणि तुम्ही लुळ्या बाजूला राहा. काहींचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही. दाराच्या चौकटीला तोच खांदा आपटतो, तोच पाय उंबऱ्याला अडकतो.

कुबड्यांबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट, कारण ती चूक फार दिसते. वजन हातांवर घ्यायचं, काखेत नाही. कुबडीचा वरचा भाग आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं आणि तो भाग बरगड्यांना दाबून धरायचा. एक तरुण मुलगा पाय मोडल्यावर कुबड्यांवर रेलून रोज बराच वेळ उभा राहायचा. काही आठवड्यांनी त्याचं मनगट लोंबायला लागलं, चमचा धरता येईना. काखेतून जाणारी नस दबली होती. त्याची नस सावरली, पण त्याला पायापेक्षा हाताचीच जास्त भीती बसली होती.

काठी. तिच्याकडे वळण्याची घाई करू नका. माझे निकष सांगते. शस्त्रक्रियेच्या पायावर पूर्ण भार टाकायला डॉक्टरांची परवानगी हवी. वॉकरने चालताना आईचे हात मुठींवर नुसते टेकलेले असावेत, दाबलेले नाही. दोन्ही पावलं सारख्या लांबीची पडावीत. आणि ओट्यासारख्या पक्क्या आधाराशेजारी दोन्ही हात सोडून ती अर्धा मिनिट निवांत उभी राहू शकावी. हे सगळं जमल्यावरच काठी, आणि पहिले काही दिवस पट्टा पुन्हा कमरेला.

काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. उजवा खुबा दुखरा असेल तर काठी डाव्या हातात. लोकांना हे उलटं वाटतं, कारण दुखऱ्या पायाला टेकू द्यायचा तर काठी त्याच्याजवळच हवी असं मन सांगतं. कारण समजलं की चूक होत नाही. एका पायावर उभं राहिलं की शरीर दुसऱ्या बाजूला कलंडू पाहतं. ते सावरायला उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू कंबर ओढून धरतो. हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याला फार जोर लावावा लागतो, आणि त्याची ओढ व शरीराचं वजन मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. काठी पलीकडच्या हातात असली की ती सांध्यापासून लांब टेकते. तरफेचा दांडा लांब झाला, म्हणून हाताने थोडंसं दाबलं तरी त्या स्नायूचं काम बरंच हलकं होतं. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की हा फायदा जातो आणि माणूस काठीवर झोकून देत लंगडतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाने १९५६ सालीच लेख लिहून सांगितलं होतं की काठी टाकून देण्याची घाई करू नका. लाजेपोटी काठी लवकर सोडणारे रुग्ण आजही रोज भेटतात. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. उंचीचा नियम वॉकरचाच, मनगटाच्या घडीशी मूठ.

जिन्यावर वॉकर न्यायचा नाही. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचं काम वरच्या पायाचं, आणि उतरताना शरीर सावकाश खाली सोडायचं काम मागे वरच राहिलेल्या पायाचं, म्हणून दोन्ही वेळा जड काम चांगल्या पायाकडे येतं. काठी दुखऱ्या पायाबरोबर राहते. तुम्ही नेहमी तिच्या खालच्या बाजूला: चढताना मागे, उतरताना पुढे एक पायरी खाली, थोडं तिरकं, पट्टा हातात. दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारा चष्मा असेल तर उतरताना पायरीची कड धूसर दिसते. अशा वेळी शक्य असेल तर फक्त दूरच्या नंबरचा चष्मा द्या.

घरातल्या गोष्टी तुम्हाला माहीतच असतील. सुटी पायपुसणी, जमिनीवरच्या वायरी, ओली फरशी, रात्री पलंगापासून संडासापर्यंतचा अंधार, मागे पट्टा नसलेल्या चपला, गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे. हे सगळं आजच काढा किंवा बदला. वॉकरला एका बाजूला जड पिशवी लटकवू नका, वॉकर तिकडे ओढला जातो. आणि वॉकरच्या पायांची रबरी टोपणं महिन्यातून एकदा उलटून बघा. रबराच्या तळावरच्या रेघा झिजून तो गुळगुळीत झाला किंवा रबराला चीर पडली की टोपण बदलायचं.

इतकं करूनही आई पडू लागली तर तिला हवेत धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नका. ते जमत नाही आणि तुमची पाठ जाते. पट्टा जवळ ओढून तिला तुमच्या अंगाशी घ्या, तुमचा एक पाय पुढे करा आणि तिला तुमच्या मांडीवरून घसरू देत जमिनीवर बसवा. डोकं सांभाळा, बाकीचं हळू खाली जाऊ द्या. खाली बसल्यावर लगेच उचलायचं नाही, तिने कितीही 'मला उठव' म्हटलं तरी. आधी विचारा कुठे दुखतंय. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, मांडीच्या सांध्यात कळ येतेय, डोकं आपटलंय, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला नुसता धक्का बसलाय, यांपैकी काहीही असेल तर हलवू नका, उशी द्या, पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

काहीच दुखत नसेल आणि गुडघ्यावर टेकायला डॉक्टरांची मनाई नसेल, तर तिला कुशीवर वळू द्या आणि तिच्यासमोर एक जड, स्थिर खुर्ची आणून ठेवा. हात बैठकीवर ठेवून ती गुडघ्यांवर येईल, मग चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवून उठेल, आणि तुम्ही मागून दुसरी खुर्ची सरकवाल. मनाई असेल तर दोन माणसांशिवाय उठवू नका. बसल्यावर दहा मिनिटं तिला शांत राहू द्या, रक्तदाब बघा, आणि काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एका चिठ्ठीवर वेळ, जागा, पायात काय होतं हे लिहून ठेवा, आणि नेमकं लिहा की पडली त्या क्षणी ती उठत होती, वळत होती, बसत होती की काही घ्यायला हात लांब केला होता. माझ्याकडे असा रुग्ण येतो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि त्याचं उत्तर घरच्यांना बहुतेक वेळा आठवत नसतं.